वर्षभराचे पाणी एकाच देयकात : चुकीच्या टप्पेवार आकारणीबाबत तक्रार

दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक (ग्राहक सेवा व देयके),
शहर पाणीपुरवठा योजनेची संचालक कंपनी.

विषय : बारा महिन्यांचा पाणीवापर दोन महिन्यांचा समजून केलेली आकारणी रद्द करून सुधारित देयक मिळण्याबाबत.

संदर्भ : एप्रिल २०२५ अखेरचे द्वैमासिक पाणी देयक, रक्कम रुपये ४,८२३.

महोदय,

महानगरपालिकेने शहरातील पाणीवाटप, मीटरवाचन आणि देयकांची वसुली आपल्या कंपनीकडे सोपवली तेव्हापासून मी आपला घरगुती जोडणीधारक आहे. आजवरचे प्रत्येक देयक मी मुदतीत भरले आहे आणि त्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. संदर्भातील देयक मात्र मला मान्य नाही. त्यातील चूक मीटरची नसून आकारणीच्या पद्धतीची आहे, म्हणून तीच चूक माझ्यासारख्या इतर ग्राहकांच्या देयकांतही झालेली असण्याची शक्यता आहे. हे पत्र जरा सविस्तर लिहिण्याचे कारण तेच.

देयकावर मागील वाचन १,२१२ आणि चालू वाचन १,३९८ असे छापलेले असून वापर १८६ युनिट दाखवला आहे. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर, हे धरले तर हा आकडा १ लाख ८६ हजार लिटरचा होतो. मीटर पाहता चालू वाचन बरोबर आहे. प्रश्न मागील वाचनाचा आहे. १,२१२ हे वाचन फेब्रुवारी २०२५ चे नाही, ते एप्रिल २०२४ चे आहे. मधल्या पाचही देयकांच्या वेळी मीटर वाचलेच गेले नाही, प्रत्येक वेळी ‘घर बंद’ असा शेरा मारून सरासरी २४ युनिटची आकारणी करण्यात आली आणि ती मी निमूटपणे भरली. म्हणजे १८६ युनिट हा सहा देयक-कालावधींचा, पूर्ण वर्षाचा वापर आहे. आपल्या संगणकाने तो सगळा फेब्रुवारी ते एप्रिल या एकाच कालावधीत ओतला.

याचा परिणाम काय झाला, ते देयकाच्या मागील बाजूस छापलेल्या दरपत्रकावरूनच कळते. घरगुती वापरासाठी दर दोन महिन्यांना पहिल्या ३० युनिटला प्रत्येकी ८ रुपये, ३१ ते ६० युनिटला १२ रुपये, ६१ ते १०० युनिटला २० रुपये आणि १०० च्या वर ३५ रुपये असे टप्पे आहेत. आपण १८६ युनिट या जिन्यावर एकदम चढवले. त्यामुळे २४० अधिक ३६० अधिक ८०० अधिक ३,०१० असा एकूण ४,४१० रुपये जलआकार निघाला. त्यातून सरासरी देयकांपोटी मी भरलेले ९६० रुपये वजा करून ३,४५० रुपये दाखवले आहेत. वजावट केली म्हणजे हिशेब सरळ झाला असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षात अडचण वजावटीत नाही. शेवटची ८६ युनिट ३५ रुपयांच्या दराने गेली आणि एकूण आकारातले ३,०१० रुपये केवळ त्यातून आले, अडचण तिथे आहे. जो दर पाण्याची उधळपट्टी करणाऱ्यासाठी ठेवलेला आहे, तो मला लागू झाला, आणि तोही माझ्या वापरामुळे नव्हे, तर आपला मीटरवाचक वर्षभर न आल्यामुळे.

हाच वापर सहा कालावधींत समान विभागला तर प्रत्येकी ३१ युनिट होतात. त्यांचा आकार २५२ रुपये आणि वर्षाचा १,५१२ रुपये. दुसऱ्या पद्धतीने पडताळायचे असेल तर कालावधी सहापट झाला म्हणून टप्प्यांच्या मर्यादाही सहापट कराव्यात. तसे केल्यास १८० युनिट ८ रुपयांनी व उरलेली ६ युनिट १२ रुपयांनी, म्हणजे पुन्हा १,५१२ रुपयेच येतात. त्यातून भरलेले ९६० रुपये वजा जाता माझ्याकडून येणे जलआकार ५५२ रुपये राहतो. उन्हाळ्यात वापर वाढतो आणि पावसाळ्यात घटतो, त्यामुळे प्रत्येक वेळी नेमकी ३१ युनिट वापरली गेली असतील असा माझा दावा नाही. पण प्रत्यक्ष चढउतार सांगू शकणारी नोंद ठेवण्याची जबाबदारी कंपनीची होती आणि ती नोंदच नसताना समान विभागणीखेरीज न्याय्य मार्ग दिसत नाही.

आपले देयक खरे मानायचे तर आमच्या चार माणसांच्या घराने दोन महिने रोज सुमारे ३,१०० लिटर पाणी वापरले असे म्हणावे लागेल. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटरचे मान धरलेले आहे. आपल्या देयकानुसार आमचा वापर माणशी ७७५ लिटर होतो, तर वर्षावर विभागलेला वापर माणशी १२७ लिटरच्या आसपास येतो. यातला कोणता आकडा घरगुती आहे, हे सांगण्यास तज्ज्ञ लागू नये. शिवाय आमच्या भागात पाणी सकाळी पाऊण तास येते. पाऊण तासात ३,१०० लिटर घ्यायचे तर प्रवाह ताशी चार घनमीटरच्या वर हवा. माझी जोडणी अर्ध्या इंचाची असून या आकाराच्या नेहमीच्या घरगुती मीटरची कमाल क्षमता ताशी ३ घनमीटर इतकीच असते. तेव्हा देयकात दाखवलेले पाणी दोन महिन्यांत त्या मीटरमधून जाणेच शक्य नव्हते.

ग्राहक केंद्रावर हे सांगितल्यावर ‘तुमच्याकडे गळती असेल, प्लंबरला दाखवा’ असे उत्तर मिळाले. गळतीची तपासणीही मी केली. रात्री सगळे नळ बंद ठेवून मीटर पाहण्याची जी युक्ती सांगितली जाते ती चोवीस तास पाणी असणाऱ्यांसाठी ठीक आहे. आमच्याकडे रात्री वाहिनीच कोरडी असते. म्हणून पाणी आल्यानंतर, टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि खालचा नळ दोन्ही पक्के बंद करून मी मीटरची पेटी उघडली, काचेवरचा चिखल पुसला आणि तबकडीवरची ती छोटी चांदणीसारखी चक्री पाहत थांबलो. चक्री जागची हलली नाही आणि लाल काटेही होते तिथेच राहिले. टाकीचा बॉल कॉकही नीट बंद होतो, ओव्हरफ्लोच्या पाइपला थेंब नाही. (पाणी येण्याआधी वाहिनीतून जी हवा सुटते तिनेही ही चक्री गरगर फिरते आणि त्या हवेचे पैसे आम्ही भरत असतो, तो विषय मी आज काढत नाही.) मीटर तपासणीसाठी शुल्क भरण्याचा सल्लाही मला देण्यात आला. मीटरबद्दल माझी तक्रारच नसल्यामुळे तो खर्च मी का करावा, हे मला समजलेले नाही.

‘घर बंद’ या शेऱ्याबद्दल थोडेसे. माझा मीटर घरात नसून फाटकालगतच्या कुंपणभिंतीत, रस्त्याकडे तोंड असलेल्या पेटीत आहे. तो वाचण्यासाठी घर उघडे असण्याची गरज नाही, कोणाला हाक मारण्याचीही नाही. ज्या दिवशी घर बंद असल्याची नोंद झाली त्यांपैकी प्रत्येक दिवसाचे मीटरचे छायाचित्र किंवा वाचकाच्या यंत्रातील स्थाननोंद आपल्याकडे असल्यास ती मला दाखवावी.

दुसरी चूक मलनिस्सारण आकाराची आहे. हा आकार जलआकाराच्या ३० टक्के असल्याने मूळ आकडा फुगला की तोही आपोआप फुगतो. इथे तर तो वजावटीपूर्वीच्या ४,४१० रुपयांवर लावून १,३२३ रुपये घेतला आहे आणि मागील पाच देयकांत मी याच शीर्षाखाली भरलेले २८८ रुपये कुठेच वळते केलेले नाहीत. योग्य रक्कम १६५ रुपये ६० पैसे आहे. मीटर सेवा आकाराचे ५० रुपये मला मान्य आहेत. अशा रीतीने या देयकापोटी माझे खरे देणे ७६७ रुपये ६० पैसे इतके असून ४,०५५ रुपये ४० पैसे जादा आकारले गेले आहेत.

‘संगणक काढतो तेच खरे, आधी भरा, मग अर्ज करा’ हे केंद्रावरील उत्तर मी स्वीकारू शकत नाही. दोन वाचनांमधील महिने मोजून मग टप्पे लावावेत, हे संगणकाला सांगणे कोणा माणसाचेच काम आहे. तरी आपण हे देयक रद्द करून वरीलप्रमाणे सुधारित देयक द्यावे, वादग्रस्त रकमेवर विलंब शुल्क लावू नये, ती पुढील देयकात थकबाकी म्हणून ओढू नये आणि तक्रारीचा निर्णय होईपर्यंत जोडणी तोडण्याची कारवाई करू नये, अशी माझी मागणी आहे. एकाच कालावधीत टप्पे लावण्याचा अधिकार आपल्याला महानगरपालिकेच्या कोणत्या ठरावाने किंवा कराराच्या कोणत्या कलमाने मिळतो असे आपले म्हणणे असेल, तर त्याची प्रत द्यावी. तसे कलम असल्यास ते वाचण्याची मला मनापासून उत्सुकता आहे.

मालमत्तेवर सरसकट बसणारी पाणीपट्टी हा कर असतो, परंतु मीटरने मोजून, युनिटला दर लावून घेतलेले पैसे हा सेवेचा मोबदला आहे. त्यामुळे समाधानकारक निर्णय न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो. तसेच पाच वेळा मीटर न वाचता ‘घर बंद’ लिहिल्याची बाब मी महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे स्वतंत्रपणे कळवत आहे, कारण वाचनाच्या कामाचे पैसे आपल्याला शेवटी नागरिकांच्याच खिशातून मिळतात.

मान्य रकमेचा, म्हणजे ७६८ रुपयांचा धनादेश या पत्रासोबत जोडला आहे. त्याच्या मागे ‘एप्रिल २०२५ च्या देयकातील अविवादित रक्कम’ असे लिहिलेले असून तो स्वीकारला म्हणजे मी उरलेली रक्कम कबूल केली असा अर्थ काढू नये. संदर्भातील देयक, मागील पाच देयके व पावत्या, एप्रिल २०२४ चे शेवटचे प्रत्यक्ष वाचनाचे देयक आणि मीटरच्या तबकडीचे छायाचित्र यांच्या प्रतीही सोबत आहेत. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का देऊन ती मला परत करावी आणि उत्तर देयकावरील पत्त्यावर लेखी पाठवावे. दूरध्वनीवरून दिलेले आश्वासन मी उत्तर म्हणून धरणार नाही.

आपला,
(सही)
घरगुती जोडणीधारक
(ग्राहक क्रमांक सोबतच्या देयकावर नमूद आहे.)