मिस्सा ‘पाहण्या’ची सवय

महोदय,

करोनाकाळात चर्च बंद असताना मोबाइलवरच्या मिस्साबलिदानाने, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेने, मोठा आधार दिला. पण आता, एवढ्या वर्षांनंतरही, आमच्या वसईत काही धडधाकट माणसे रविवारी चहाचा कप हातात घेऊन मिस्सा ‘पाहतात’. आजारी, अंथरुणाला खिळलेल्यांची गोष्ट वेगळी. ‘देव घरातही आहे,’ हे उत्तर ठरलेले. आहेच, पण कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, पडद्यातून हाती येत नाही. शिवाय आपण सारे एकाच शरीराचे अवयव; डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही, हे संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून कधीच बजावून ठेवले आहे.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे मिशनच्या परकीय वळणाशी पटेना. तरीही ते एकटे घरी बसले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा भरवला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

अर्थात दोष सगळा घरी बसणाऱ्यांचा नाही. नव्या इमारतीत राहायला आलेले कुटुंब महिनोन्महिने शेवटच्या बाकावर बसते आणि त्यांचे नावही कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. येत्या रविवारी विचारणार आहे.

– एक वाचक, वसई