किंग्स्टनहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अर्धेच सांगितले आणि आईचा आवाज बदलताच विषय पालटला, म्हणून उरलेले आज लिहिते. पुढच्या महिन्यापासून मी कार्यालयात आठवड्यातून तीनच दिवस जाणार आहे आणि बाकीचे दिवस चित्रांना देणार आहे. अर्ज मंजूर झाला आहे. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण तुम्ही नको म्हटले असते, तर तो अर्ज माझ्या हातून दिला गेला नसता.

बाबा, ‘शिकल्यावाचून कसली चित्रे?’ हा तुमचा प्रश्न वर्षभर माझ्या मनात होता. त्याचे उत्तर मला येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात जॉन डंकली यांच्या चित्रांपुढे मिळाले. १८९१ साली जमैकातल्याच सव्हाना-ला-मार येथे जन्मलेले हे गृहस्थ पेशाने न्हावी होते. तरुणपणी ते वडिलांच्या शोधात पनामाला गेले, पण पोहोचले तेव्हा वडील हयात नव्हते. (हे वाचले त्या रात्री मी तुम्हाला अवेळी फोन केला होता.) परतल्यावर त्यांनी किंग्स्टनमध्ये प्रिन्सेस स्ट्रीटवर केशकर्तनाचे दुकान काढले आणि ते वेलीफुलांनी रंगवून टाकले. ते पाहूनच इन्स्टिट्यूट ऑफ जमैका या इथल्या सांस्कृतिक संस्थेच्या मोल्सवर्थ यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. वर्गात येऊन शिकण्याचे निमंत्रण मिळाले, तरी ते गेले नाहीत. दुकान मात्र त्यांनी सोडले नाही, आणि मीही नोकरी पूर्ण सोडलेली नाही, एवढे कृपा करून ध्यानात घ्या.

त्यांच्या चित्रांत निळा समुद्र आणि झळझळीत ऊन शोधू नका. काळा, तपकिरी, राखट हिरवा असे मोजकेच रंग. छाटलेली खोडे, झाडीत शिरत जाणारी वाट, कुठे कोळी, कुठे खेकडा, आणि सगळ्यावर तिन्हीसांजेचा उजेड. डोळ्यांपुढचे दृश्य जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा मनात मुरलेले रंगवावे, असे त्या चित्रांपुढे उभे राहून मला वाटले. आणि मनात मुरलेले म्हणजे काय? आपल्या मागच्या दारची विहिरीकडे जाणारी वाट. शुभंकरोती म्हणताना मी तिकडे पाहत नसे, आणि बाबा मला खांद्यावर घेऊन मुद्दाम त्याच वाटेने फिरवून आणत, ‘बघ, काही नाही’ म्हणत.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. वरणभात रोज होतो, गोडा मसाला पुरवून वापरते आहे, आणि भाडे तीन दिवसांच्या पगारात निभते. तुमच्या औषधांचे पैसे पूर्वीसारखेच येतील; त्यांना मी हात लावणार नाही. बाबांनी रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्यावी आणि माळ्यावर चढू नये. तू मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलू नकोस. मावशीला सोबत नेणे.

सध्या तीच वाट प्लायवुडवर रंगवते आहे. मागच्या पायऱ्या तीन की चार, हे काही केल्या आठवत नाही. आईने दिवसाउजेडी मोजून कळवावे. बाबांनी अंधारात उतरू नये.

तुमची,
छकुली