कान आधी, केस नंतर : 'होबो निकेल'विषयी काही दुरुस्त्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या कोरीव नाण्यांवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावरचा चेहरा कोरून त्यातून दुसरा चेहरा काढलेल्या 'होबो निकेल'वर, सचित्र लेख आला. मराठीत या विषयावर फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून लेखाचे स्वागत. पण त्यातल्या तीन गोष्टी चुकल्या आहेत, आणि कोरण्याची कृती व छायाचित्राखालची ओळही चुकली आहे. शिवाय शेवटी 'घरातल्या डब्यातली जुनी नाणी काढा आणि तुम्हीही करून पाहा' असा जो सल्ला दिला आहे, तो मागे घ्यायला हवा. आपल्याकडे घरातल्या डब्यात शिवराई असते, राणी छाप रुपया असतो. त्यावर कोरणी फिरली की ते नाणे कायमचे गेले.

पहिली चूक शीर्षकातच आहे. 'भिकाऱ्यांची नाणी' हे होबोचे भाषांतर होत नाही. मालगाडीच्या डब्यात लपून बसून गावोगाव काम शोधत फिरणारा मजूर म्हणजे होबो. कापणी, फळतोडणी, लाकूडतोड, रुळांची कामे, जे मिळेल ते तो करी. १९२९ नंतरच्या मंदीत असे लोक फार वाढले. कोरीव निकेल मात्र त्याच्या आधीपासूनची आहेत. १९१३ मध्ये बफेलो निकेल, म्हणजे मागच्या बाजूला बायसन (अमेरिकी रानगवा) असलेले पाच सेंटचे नाणे, चलनात आले आणि पाठोपाठ ते कोरणारे हातही पुढे आले. नाणे कोरून झाले की एका जेवणाच्या किंवा रात्रीच्या आसऱ्याच्या मोबदल्यात देता येई. कोरणारे सगळेच होबो होते असेही नाही.

दुसरी चूक धातूची. 'निकेल' हे त्या नाण्याचे बोलीतले नाव आहे. नाण्यात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्केच निकेल असते. वजन ५ ग्रॅम, व्यास २१.२ मिलिमीटर. रंग पांढरट दिसतो म्हणून लोक फसतात. हा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही. विकत घेणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पत्र्यावर मुलामा दिलेली बरीच बनावट नाणी दारातच अडतील.

तिसरी चूक मोठी आहे. 'कोणतेही जुने नाणे चालते' असे लेख म्हणतो. तसे असते तर ही कला एकाच नाण्याभोवती का वाढली? अमेरिकेत त्याआधीही नाणी कोरत. चांदीच्या डाइमची, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याची, एक बाजू घासून सपाट करायची आणि त्यावर प्रिय व्यक्तीची आद्याक्षरे कोरायची, ही १९व्या शतकातली रीत. ते झाले अक्षरकाम. चेहऱ्यातून दुसरा चेहरा काढायचा तर नाण्यावर आधी मोठा, जाड उठावाचा चेहरा हवा. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझरने १९१३ च्या नाण्यावर मूळ अमेरिकी पुरुषाचा उजवीकडे पाहणारा चेहरा असा काही बसवला की कडेपर्यंत जागा भरून गेली. मागच्या बाजूचा बायसनही तसाच भरीव. त्याचे गाढव, हत्ती, कासव किंवा पाठीवर गाठोडे घेतलेला माणूस करता येतो. १९३८ मध्ये बफेलो निकेलच्या जागी जेफरसनचे निकेल आले. त्याचा उठाव कमी आणि चेहराही लहान, म्हणून जुने हात पुढेही बफेलो निकेलच शोधत राहिले. आज बरेच कारागीर मॉर्गन डॉलर हे जुने एक डॉलरचे नाणे घेतात. तो ३८.१ मिलिमीटरचा, ९० टक्के चांदीचा. कोरणी सहज चालते आणि जागाही ऐसपैस. पण 'होबो निकेल' म्हणायचे तर नाणे बफेलोच हवे.

आता कोरण्याबद्दल. लेखात 'आधी केस, पिसे घासून गुळगुळीत करून घ्या, मग हवा तो चेहरा कोरा' असे दिले आहे. नवशिक्यांची निम्मी नाणी नेमकी इथेच वाया जातात. या नाण्यावरच्या माणसाचा कान दिसत नाही, तो केसांखाली झाकलेला आहे. होबोला गोल डर्बी टोपी घालायची तर केस कापले जाणार आणि कान उघडा पडणार. तो कान ज्या धातूतून काढायचा, तो वेणीच्या वरच्या केसांतच आहे. तुम्ही आधी केस सपाट केलेत की कान संपला. मग सपाट पृष्ठभागावर रेघांनी कान काढावा लागतो आणि तो पाटीवर खडूने काढल्यासारखा दिसतो. म्हणून कान आधी. कानाचा आकार बारीक रेघेने आखायचा, रेघेच्या बाहेरचे केस थोडे थोडे उतरवायचे, की कान आपोआप वर राहतो. आतली पाळीची वळणे सगळ्यात शेवटी.

टोपीलाही हाच न्याय. टोपीचा घुमट मूळ केसांच्या जागी बसतो, तिथे धातू भरपूर. कपाळापुढे येणारी टोपीची कड मात्र मोकळ्या जागेत पडते आणि तिथे उठाव अजिबात नाही. ती वर आणता येत नाही, भोवतालचा भाग खाली न्यावा लागतो. तो किती खाली न्यायचा यालाही मर्यादा आहे, कारण नाणे दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि मागे बायसन आहे. एका फेरीत कागदाच्या जाडीएवढेच काढावे. जास्त घेतले तर कोरणी रुतते आणि तिचे टोक मोडून नाण्यातच अडकते.

नाणे धरण्यासाठी सोनाराची राळ उत्तम. राळ, विटेची बारीक पूड आणि थोडे तेल यांचे आपल्याकडचे जुने मिश्रण कोमट करून त्यात नाणे अर्धे रुतवावे आणि ते गार होऊ द्यावे. सरळ शिकंज्यात पकडले तर नाण्याच्या कडेवर दातांचे व्रण उठतात. कड एकदा दुखावली की दुरुस्त होत नाही, म्हणून कोरतानाही तिच्यापासून अर्धा मिलिमीटर दूर राहावे. आखणीसाठी नाण्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यावा, वाळल्यावर पेन्सिलीने चित्र काढावे आणि सुईने ओरखडून घ्यावे. रंग धुतला तरी सुईची रेघ राहते.

कोरण्या तीन पुरतात: रेघांसाठी चौकोनी, टोपीखालचा भाग उतरवण्यासाठी सपाट, आणि केसांच्या बारीक कामासाठी १२० अंशांची. कोरणीच्या टोकाचा समोरचा कोन ४५ ते ५० अंश, खालची टाच (टोकाच्या तळाचा घासलेला भाग) १५ ते २० अंश. टाच फार कमी ठेवली तर कोरणी धातूत शिरण्याऐवजी वरून घसरते आणि थेट धरणाऱ्या बोटात जाते. म्हणून नाणे धरणाऱ्या हाताचे एकही बोट कोरणीच्या वाटेत नसावे आणि कोरणाऱ्या हाताचा अंगठा नाण्याला टेकवून लगामासारखा वापरावा. तांबे-निकेल कोरताना आणखी कडक होत जाते. एकाच जागी बोथट कोरणी घासत राहिलात तर पृष्ठभाग चिवट होतो आणि पुढची रेघ तुटक येते. अशा वेळी जोर वाढवायचा नाही, धार लावायची. हिऱ्याच्या दगडावर आधी ६०० क्रमांकाची धार, मग १२००, शेवटी सिरॅमिकचा दगड. कार्बाइडची कोरणी धार जास्त टिकवते, पण आडवा दाब पडला की टवका उडतो. नवशिक्याने हायस्पीड स्टीलचीच घ्यावी. कोरणीच्या टोकाला तेलाचा एक थेंब लावला की रेघ चकचकीत उतरते.

जुने लोक खिशातली सुरी, धार लावलेला खिळा, कानशीचा मोडका तुकडा यांवरच काम करीत. काही तर कोरतही नसत, टोकदार खिळ्याने ठोकून ठिपक्यांची दाढी उठवत. जाणकार या ठोकीव कामाला कोरीव कामापेक्षा खालची प्रत देतात, आणि ते बरोबरच आहे. ठोकल्याने धातू बाजूला सरकतो, निघत नाही. उजेडात तिरके धरले की ठिपक्यांच्या कडा फुगलेल्या दिसतात.

कीस फुंकू नये, कुंच्याने किंवा चिकटपट्टीने उचलावा. यंत्राने घासत असाल तर मुखपट्टी आणि चष्मा हवाच. निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते आणि ती बोटांच्या खाजेतून कळते.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही सांगणे भाग आहे. त्याखाली 'बर्टचे अस्सल नाणे' असे लिहिले आहे आणि पुरावा म्हणून सहीकडे बोट दाखवले आहे. बर्ट्राम विगँड, म्हणजे बर्ट (१८८०–१९४९), या जुन्या होबो निकेल कोरणाऱ्याची सही खरोखरच सुंदर होती. नाण्यावरच्या 'लिबर्टी' या शब्दातली इंग्रजी सात अक्षरे घ्या. पहिली दोन आणि शेवटचे एक खरडून टाकले की मधली चार उरतात आणि त्यांतून 'बर्ट' वाचता येते. त्याच्या हाताखाली १९१५ च्या सुमारास शिकलेला जॉर्ज वॉशिंग्टन ह्यूज, 'बो', हे या कलेतले दुसरे मोठे नाव. पण तीन अक्षरे खरडणे आज कुणालाही जमते. ती सही हा पुरावा नव्हे.

पुरावा रेघेत असतो. दहापट भिंगाखाली पाहा. जुने कोरीव नाणे कोरल्यानंतर कुणाच्या तरी खिशात वर्षानुवर्षे फिरले. त्यामुळे रेघांच्या कडा मऊ झालेल्या असतात, टोपीचा माथा आणि गाल झिजलेले असतात आणि खाचांतला काळपटपणा हळूहळू उजळ होत वरच्या भागात मिसळतो. नवे नाणे रसायनाने काळे केलेले असेल तर काळेपणा खाचेत रंगासारखा भरलेला दिसतो आणि रेघेच्या कडेवर धातूची धारदार कूस (वर उठलेली कड) नखाला लागते. आपल्या छायाचित्रात टोपीच्या मागच्या मोकळ्या भागात सारख्या अंतरावरच्या, एकमेकींना समांतर अशा अगदी बारीक पायऱ्या दिसतात. हाताच्या कोरणीने अशा पायऱ्या पडत नाहीत, त्या संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या आहेत. वजनही पाहावे. धातू काढला आहे, म्हणजे नाणे ५ ग्रॅमपेक्षा थोडे कमीच भरले पाहिजे. कोरीव नाणे बरोबर ५ किंवा त्याहून जास्त भरले तर ते ओतीव किंवा नव्याने ठोकलेले असण्याची शंका घ्यावी. कडेवर जोडाची रेघ आणि दोन नाण्यांवर नेमका तोच ओरखडा, हीसुद्धा ओतकामाचीच लक्षणे.

कोरण्यासाठी बफेलो निकेल निवडताना तारीख झिजलेले घ्यावे. फ्रेझरने तारीख खांद्याच्या उंचवट्यावर ठेवली, त्यामुळे ती सगळ्यात आधी झिजते आणि अशी बिनतारखेची नाणी स्वस्तात मिळतात. मात्र केस आणि गाल अजून भरीव आहेत ना, हे पाहावे. तारीख वाचता येत असेल तर आधी टांकसाळीची खूण बघावी. ती मागच्या बाजूला, मूल्याच्या अक्षरांखाली असते. सॅन फ्रान्सिस्कोचे १९२६ चे नाणे फक्त ९ लाख ७० हजार पाडले गेले. डेन्व्हरच्या १९३७ च्या काही नाण्यांवर बायसनला तीनच पाय दिसतात, कारण साचा घासताना एक पाय पुसला गेला. अशी नाणी कोरणे म्हणजे नासाडी.

आता आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेत फसवणुकीच्या हेतूने नाण्यात फेरफार करणे गुन्हा आहे. कला म्हणून कोरले आणि तसेच सांगून विकले तर नाही. भारतात नाणेविषयक २०११ च्या कायद्यानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे यावर बंदी आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. त्यामुळे चलनातल्या रुपयावर, पाच-दहाच्या नाण्यावर हात चालवण्याचा सल्ला वर्तमानपत्राने देऊ नये. राणी छाप आणि सातव्या एडवर्डच्या रुपयांना शंभराहून अधिक वर्षे झाली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांपूर्वीचे नाणे बसते आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शिवराईबद्दल तर बोलायलाच नको. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने तिच्यावर अक्षरे आधीच अर्धी उमटलेली असतात. 'श्री राजा शिव' यातले एखादे अक्षर कुठल्या वळणाने काढले आहे, यावरून अभ्यासक तिचा प्रकार ठरवतात. तेच अक्षर घासले गेले तर उरतो तांब्याचा तुकडा.

शिकायचेच असेल तर तांब्याच्या दोन मिलिमीटर पत्र्याच्या पंचवीस-तीस चकत्या कापून घ्याव्यात. पहिल्या पाचांवर फक्त सरळ रेघा, पुढच्या पाचांवर वळणे, मग सपाट कोरणीने जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा मोकळा भाग, उतरवणे. बफेलोच्या छापाच्या, एक औंसाच्या तांब्याच्या चकत्या बाजारात मिळतात. त्यांवर कान काढून पाहावा. दहा कान नीट आले की मग खरे निकेल घ्यावे.

दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती. डब्यात शिवराई सापडलेल्या वाचकांनी ती चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नये आणि पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातही ठेवू नये. त्या प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या द्रव्याने तांब्यावर हिरवट चिकट थर येतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवावी आणि धरताना कडेनेच धरावी.

आपला,
एक नाणे-अभ्यासक, सातारा