नवीन मशीन द्याच, पण आहे त्या मशीनमधला टाइम पण बघा

संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी हॉस्पिटलात सीटी-एमआरआयला लांबची तारीख मिळते अशी बातमी आली की लगेच मागणी होते, अजून एक मशीन द्या. मशीन लागतंच, त्यात वाद नाही, पण सीटी विभागात टेक्निशियन म्हणून काम करताना रोज दिसतं ते असं, की आत मशीन पेशंटसाठी थांबलंय आणि बाहेर बाकड्यावर पेशंट मशीनसाठी थांबलाय, दोन्ही एकाच वेळी.

कारणं साधीच असतात. कॉन्ट्रास्ट (स्कॅन नीट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचाय पण क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट आलेला नाही, उपाशी यायचं असतं हे पेशंटला कुणी सांगितलंच नाही, वॉर्डातून सुई न लावताच पाठवलंय, स्ट्रेचर आणायला मामा (वॉर्डबॉय) मोकळे नाहीत. पोटाचा सीटी म्हणजे खरा स्कॅन काही सेकंदांचा, बाकी वेळ टेबलावर घ्यायला-उतरवायला आणि ह्या असल्या गोष्टींची वाट बघण्यात जातो.

आणि हा सगळा हिशोब मशीनमध्ये आधीच पडलेला असतो हो! १९९३ पासून जगभर चालणाऱ्या डायकॉम स्टँडर्डमध्ये (स्कॅनच्या इमेज साठवायची-पाठवायची ठरलेली पद्धत) इमेजसोबत तारीख-वेळ सेव्ह होते. एका पेशंटची शेवटची इमेज आणि पुढच्याची पहिली, यातलं अंतर काढलं की मशीन किती वेळ रिकामं होतं ते समोर येतं, आणि जिथे पॅक्स (सगळे स्कॅन साठवून बघायची कॉम्प्युटर सिस्टिम) आहे तिथे स्कॅननंतर रिपोर्ट फायनल व्हायला किती तास गेले तेही काढता येतं. डिजिटल एक्स-रेच्या बऱ्याच मशीनवर तर नीट न आल्यामुळे रिजेक्ट केलेले एक्स-रे कारणासकट राहतात. हे बघणं फार गरजेचं आहे, कारण परत एक्स-रे म्हणजे पेशंटला परत रेडिएशन. पण महिनाअखेरीला वर आकडा जातो तो एकच, किती स्कॅन झाले.

दोन कामं मात्र आधी करावी लागतील. सगळ्या मशीनची आणि सर्व्हरची घड्याळं जुळवायची, नाहीतर स्कॅनच्या आधीच रिपोर्ट झाल्यासारखं दिसतं. आणि पेशंटचं नाव मशीनवर हाताने टाइप करणं बंद करून वर्कलिस्टवरूनच (हॉस्पिटलच्या नोंदणीतून मशीनवर येणारी पेशंटची यादी) घ्यायचं, स्पेलिंग बदललं की जुना स्कॅन सापडत नाही आणि सगळी शोधाशोध सुरू.

या हिशोबाला पेशंटचं नाव लागतच नाही, त्यामुळे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भीती पुढे करून हे अडवू नये. टेक्निशियनला मेमो द्यायलाही हे आकडे वापरू नयेत, उशीर बहुतेक वेळा विभागाच्या दाराबाहेरच झालेला असतो, आणि एकदा मेमो निघाले की रिजेक्टचं कारण कुणी खरं भरणार नाही.

आरोग्य खातं आणि वैद्यकीय शिक्षण खातं दोघांनाही माझी विनंती आहे की प्रत्येक सीटी-एमआरआय विभागाकडून मशीन रिकामं राहिल्याचा वेळ आणि रिपोर्टला लागलेला वेळ दर महिन्याला मागवा, आणि हे काढायला त्या विभागातल्याच एका सिनियर टेक्निशियनला आठवड्यातून एक दुपार ड्यूटीतून मोकळी द्या.

– एक रेडिओग्राफर