आधी चॅसिस नंबर, मग ‘दुर्मीळ’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात, विहिरीवरच्या मोटारी आणि जुने ट्रॅक्टर यांच्या जाहिरातींच्या मधोमध, ‘१९७१ सालची अतिदुर्मीळ मर्सिडीज-बेंझ २८० एसई ३.५ कन्व्हर्टिबल विकणे आहे’ अशी चौकट वाचली आणि हातातला चहा गार होईपर्यंत तिच्याकडेच पाहत राहिलो. मोटार-यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळे या गाडीचे नाव मला नवे नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या वाड्यात ती झाकून ठेवलेली असेल, ही कल्पना मात्र नवी होती. तरीही ती जाहिरात ज्या रीतीने छापली गेली, तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

गाडी खरी असेल तर ‘अतिदुर्मीळ’ हा शब्द वावगा नाही. मर्सिडीजचे रचनाकार पॉल ब्राक यांच्या हातून उतरलेल्या या आकाराची गाडी १९६१ साली जगापुढे आली, आणि तिच्या अखेरच्या काळात, म्हणजे १९६९ ते १९७१ या अवधीत, तिला ३,४९९ घनसेंटिमीटरचे, २०० अश्वशक्तीचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन मिळाले. त्या इंजिनाच्या कापडी टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल, गाड्या कारखान्याने केवळ १,२३२ बनवल्या. नेमकी मेख पुढेच आहे. त्याच इंजिनाच्या, त्याच तोंडवळ्याच्या, पण पक्क्या पत्र्याच्या टपाच्या ‘कूपे’ ३,२७० निघाल्या, आणि त्यांच्या दोन्ही काचांच्या मध्ये खांब नसल्यामुळे टप कापून तिथे कापडी छत बसवण्याचा मोह जगभरातल्या कारागिरांना होत आला आहे. परदेशी लिलावांत अस्सल उघड्या गाडीला दोन-तीन लाख अमेरिकी डॉलर मोजले जातात, कूपेला त्याहून पुष्कळ कमी. तेव्हा हा मोह का होतो, हे वेगळे सांगायला नको. याखेरीज सहा सिलिंडरच्या २.८ लिटर कन्व्हर्टिबलमध्ये मागाहून व्ही-८ इंजिन बसवून तिला ‘३.५’ म्हणणारेही आहेत.

हा घोळ सोडवायला फार मोठा जाणकार लागत नाही. चॅसिस नंबरचे पहिले सहा आकडे पाहावेत. १११०२७ असतील तर ती जन्माची व्ही-८ कॅब्रिओले, म्हणजे अस्सल कन्व्हर्टिबल. १११०२६ असतील तर ती कूपे आणि तिचा टप नंतर उतरवलेला. १११०२५ असतील तर ती सहा सिलिंडरची. सातवा आकडा १ असेल तर स्टिअरिंग डावीकडे, २ असेल तर उजवीकडे, आणि आठवा आकडा गिअर हाताचे की स्वयंचलित ते सांगतो. आपल्या सुवर्णनगरी जळगावात साध्या बाळीवरही सहा अंकाक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आहे की नाही, हे आयाबाया भिंग मागून पाहतात. मग शेतजमिनीच्या किमतीत जाणाऱ्या गाडीचे सहा आकडे कोणी विचारू नयेत, हे मला चमत्कारिक वाटते.

जाहिरातीत आठ ओळी कौतुकाच्या होत्या. नंबराचा एक आकडाही नव्हता. मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते. ‘नंबर कुठं राहतो ते माले बी ठाऊक नही, दादा, पन गाडी देखाले एक नंबर शे,’ असे ते मोकळेपणाने म्हणाले. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु देखणेपण हा पुरावा होत नाही. कारखान्याने उघड्या गाडीचा तळ मुद्दाम मजबूत केलेला असतो; कापलेल्या कूपेला तो आधार नसल्याने पुढची बाजू जॅकवर उचलली की दार धड लागत नाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर तर जॅकचीही गरज पडू नये.

जाहिरातीतले दुसरे वाक्य मला अधिक खटकले: ‘लग्नसराईत वरातीला भाड्याने देऊन किंमत सहज वसूल.’ केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची असून पुढे पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर तर नाहीच, रोजच्या कामालाही ती काढता येत नाही. खासगी म्हणूनच नोंदवलेली राहिली तरी परवान्याशिवाय भाडे घेणे कायद्यात बसत नाही. चॅसिसमध्ये वा सांगाड्यात मोठा फेरफार केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही, म्हणजे कापलेल्या कूपेला तो मार्गही बंद. कर्ज काढून घेणाऱ्या एखाद्या उत्साही तरुणाला हे सारे व्यवहार झाल्यानंतर कळावे, असे आपल्यालाही वाटणार नाही.

खान्देशातल्या उन्हाळ्याचा हिशेबही खरेदीदाराने धरावा. पंचेचाळीस अंशांच्या झळांत कापडी छत वाळते, काचांभोवतीचे रबर कडक होते आणि डॅशबोर्डवरच्या लाकडाला चिरा पडतात. शिवाय पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्या काळचे रबरी पाइप त्यासाठी घडवलेले नाहीत. ते बदलल्याशिवाय टाकी भरू नये.

माझी आपणास विनंती एवढीच की, अशा जुन्या मौल्यवान गाडीची जाहिरात स्वीकारताना चॅसिस नंबरचे पहिले सहा आकडे आणि नोंदणीचा प्रकार छापण्याची अट घालावी. संपूर्ण नंबर छापू नये, त्याचा दुरुपयोग होऊ शकतो. प्रामाणिक विक्रेत्याचे यात नुकसान काहीच नाही, उलट त्याला भाव मिळेल. मालकांनीही बॉनेट उघडून आतल्या धातूच्या पट्टीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसून पाहावी. तिथे १११०२७ निघाले तर त्यांनी मला एक फोन करावा. विकत घेण्याची माझी ऐपत नाही, पण धुळ्याहून पहिल्या एसटीने मी ती पाहायला येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिव्याख्याता, धुळे