पाइप आतून किती आहे ते विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात लघुउद्योगांच्या अडचणींवर बरंच छापून येतं, वीजदर, एमआयडीसीतले खड्डे, कामगार टिकत नाहीत वगैरे, ते सगळं बरोबरच आहे, पण एका गोष्टीवर कुणी लिहीत नाही कारण ती फारच किरकोळ वाटते, ती म्हणजे कॉम्प्रेसरपासून हवेवर चालणाऱ्या गनपर्यंत जाणारा हवेचा पाइप. मी वागळे इस्टेटमध्ये एअर टूल्स रिपेअर करतो. रबाळे, महापे, कळवा, घोडबंदर रोडचे टायरवाले, सगळीकडून इम्पॅक्ट गन (नट खोलायची-आवळायची), ग्राइंडर, सँडर येतात आणि तक्रार ठरलेली, "गन मेली, ताकदच नाही." उघडून बघावं तर ब्लेड ठीक, बेअरिंग ठीक, हॅमर ठीक, टेस्टला लावली की दणकून चालते. अशा वेळी मी विचारतो, पाइप कुठला लावलाय? उत्तर येतं, "निळा".

गोंधळ सुरू होतो तो मापात. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचा, पाइप दुकानात बाहेरच्या मापावर विकतात. तुम्ही 8 चा मागितला की बाहेरून 8 मिमी मिळतो, आतलं भोक असतं 5 चं. 10 चा घ्या, आत साडेसहा. 12 चा घ्या, आत 8. रबरी होजचं माप मात्र आतलं असतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सूत म्हणजे आतून साडेनऊ मिमी. आता जुना तीन सुती रबर फाटला म्हणून कुणी "तेवढाच आहे" म्हणून 10 चा पीयू आणून लावला, की भोक साडेनऊवरून साडेसहावर आलं. भोक लहान होईल तसा हवेचा अडथळा पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे तेवढीच हवा न्यायची तर अडथळा साधारण साडेसहा पट. लांबीचं तसं नाही, लांबी दुप्पट तर अडथळा दुप्पट, बस. तरी लोक पाइप कापून आखूड करतात आणि भोकाकडे बघतच नाहीत.

आणि हे गेजवर दिसत नाही म्हणून तर कुणाला पटत नाही. रेग्युलेटरवर सात किलो (म्हणजे जवळपास सात बार) दाखवतं, मालक म्हणतो प्रेशर तर फुल आहे. अहो, गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी अर्धा इंची लाइनवर तीन नळ सोडले की करंगळीएवढंच पाणी येतं ना, तसंच आहे हे. हवा वाहत नसताना पाइपच्या दोन्ही टोकांना प्रेशर सारखंच दिसणार. खरं बघायचं तर गनच्या अगदी मागे टी लावून एक छोटा गेज बसवा आणि ट्रिगर दाबून धरा. बहुतेक टूल्स 90 पीएसआय म्हणजे सव्वासहा बारवर चालायला बनवलेली असतात, ते ट्रिगर दाबलेलं असताना, सोडलेलं असताना नाही. तिथे काटा चारवर आला तर गनला शिव्या देऊन उपयोग नाही.

पण होतं काय, लोक कॉम्प्रेसरचं प्रेशर वाढवतात. आठ करा, नऊ करा. एक बार वाढवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के जास्त जाते, वर सगळ्या जॉइंटमधली गळतीही वाढते. 3 मिमीचं एक भोक सात बारला साधारण चार किलोवॉट खातं, आणि बाइंडिंग वायरने आवळलेले जॉइंट बघितले तर असं भोक शोधायला लांब जावं लागत नाही.

मग कुठला घ्यायचा? आधी टूलचा सीएफएम बघा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते. इम्पॅक्ट गनच्या कॅटलॉगमध्ये चार-पाच सीएफएम लिहिलेलं असतं, ते थांबत थांबत वापराचं सरासरी असतं, ट्रिगर दाबून धरला की अर्धा इंची गन (हे माप सॉकेट बसतो त्या चौकोनाचं, पाइपचं नाही) वीसच्या आसपास ओढते. सँडर आणि ग्राइंडर तर अखंड चालतात, आणि तीन एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर जेमतेम दहा-बारा देतो, तिथे पाइप बदलूनही काही होणार नाही हेही सांगून ठेवतो. ब्लोगन, छोटं रॅचेट, स्टेपलर याला दोन सूत चालतो. अर्धा इंची गन, सँडर, ग्राइंडरला आतून तीन सूत, लांब न्यायचा असेल तर चार सूत. ट्रकवाल्यांच्या एक इंची गनला चार सूतसुद्धा तोकडा पडतो, सहा सूतच लावा. तिथे ताकद कमी पडली तर नट पुरता आवळला जात नाही, आणि ती गाडी पुढे घाटात जाणार असते. मोठा पाइप घेऊन टोकाला पाव इंची बारीक कपलर लावणारेही आहेत, त्यांना काय बोलायचं. कपलर गनलाच डायरेक्ट लावू नका, धक्क्यांनी झिजतो, मध्ये फूट-दोन फूट रबरी तुकडा टाका.

मटेरियलचं थोडक्यात. पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात मऊ आणि जुना झाला की कडक. पीयू हलका, घासला तरी टिकतो, पण त्यातला ईस्टर प्रकार आपल्या दमट हवेत कालांतराने चिकट होऊन तडकतो, ईथरवाला मागा. लाइनवर हवेत तेल सोडणारा ऑइलर असेल तर ईपीडीएम रबर नको, नायट्राइल घ्या. पाइपवरचं प्रेशर 20-25 डिग्रीला धरून छापलेलं असतं, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पीयूची ताकद बरीच खाली येते. आणि दुकानदार "चाळीस किलो झेलतो" म्हणाला तर ते फुटायचं प्रेशर आहे, रोज वापरायचं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकंच. बागेचा पाइप हवेला लावणारेही पाहिलेत. अर्ध्या इंचापेक्षा मोठा पाइप सुटला तर सापासारखा आपटतो, त्याच्या जॉइंटला सेफ्टी केबल हवीच.

माझं म्हणणं एवढंच की वागळे, तुर्भे, रबाळेतल्या हार्डवेअरवाल्यांनी बिलावर "पाइप 10, निळा" असं न लिहिता आतलं माप आणि वर्किंग प्रेशर लिहावं, आणि आयटीआयमध्ये पोरांना हे कॅलिपर लावून दाखवावं, दहा मिनिटांचं काम आहे. पत्र लांबलंय, जागा नसेल तर मटेरियलचं उडवा, मापाचं मात्र ठेवा.

एक टूल रिपेअरवाला,
वागळे इस्टेट, ठाणे