सर्पदंशाच्या रुग्णासोबत नीट चिठ्ठी द्या

महोदय,
भातकापणी सुरू झाली की खानापूर, चंदगडकडचे सर्पदंशाचे रुग्ण बेळगावच्या आपत्कालीन विभागांत येऊ लागतात. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश शासनाला कळवणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. पण रुग्णासोबत काय येते? पायाला करकचून बांधलेली सुतळी आणि नातेवाइकांच्या हातात चुरगळलेली चिठ्ठी, तीवर फक्त ‘पुढे पाठवले’! दंश किती वाजता झाला, प्रतिविषाच्या कुपी किती दिल्या, काहीच नाही. (नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर प्रतिविष एकच, साप शोधण्यात वेळ घालवू नये.) सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आपत्कालीन डॉक्टरांनी एकत्र बसून मराठी-कन्नड असा एकच छापील नमुना ठरवावा आणि रुग्ण निघताच पुढच्या डॉक्टरांना फोन करावा.
— एक वाचक, खानापूर